पावतीच्या पाठीवर

अर्जात चारच रकाने होते :
नाव, गाव, वाद्य, गुरू.
पहिले दोन वजनकाट्यावरच भरले,
एक ट्रॅक्टर उतरून दुसरा चढेपर्यंत.
वाद्य : बासरी. वाजवत नाही. लिहिते.
गुरूच्या रकान्यात कापसाचा पुंजका येऊन बसला.
फुंकला, तर फिरून तिथंच.
राहू दिला.

मानवतला, जिनिंगच्या गेटवर
अकरा वर्षं झाली वजनं लिहून.
भरली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक कापूस.
पांढरी पावती शेतकऱ्याला, पिवळी हापिसात,
गुलाबी माझ्याकडे,
आणि गुलाबीच्या पाठीवर माझे सूर.
मंद्राचं टिंब खाली, तारचं वर.
कुणाच्या तरी कापसाचं वजन
आरपार उमटायचं कोमल निषादात.

एस्टी परभणीहून गंगाखेड, मग परळी.
थर्मलची धुरांडी दिसायला लागली
तशी शेजारची बाई म्हणाली,
"दवाखान्यात कोन हाय?"
अंबाजोगाईला आमच्याकडचं माणूस
दुसऱ्या कशाला जातं!
कुणी नाही, म्हटलं, शिबिर आहे.
"बचत गटाचं व्हय?"
हो म्हणाले. सोपं पडलं.

शाळेचा हॉल, वर पत्रे, खाली सतरंजी.
जागा बारा, आलो नऊ जणी.
जालन्याची रिझवाना,
रात्री गच्चीवर जाऊन मोबाईलमध्ये गुणगुणणारी;
तिच्या प्रत्येक धुनीमागं
टाकी भरल्याचा आवाज.
वसमतच्या भालेरावबाई, रिटायर,
हिशोबाच्या वहीत चाळीस वर्षांच्या चाली,
एकही कुणी वाजवलेली नाही.
दोन कॉलेजच्या पोरी, तीव्र मध्यमावरून
बसमधूनच भांडत आलेल्या.
इनामदारबाई म्हणाल्या,
गाणाऱ्या बायका पुष्कळ शिकवल्या मी.
बासरीनं काय म्हणायचं
हे सांगणाऱ्या पाहिजेत.
मग चहा आला.

दुसऱ्या दिवशी माणिक जोंधळे आला,
बासऱ्यांची पिशवी उसाच्या मोळीसारखी खांद्यावर.
पांढरी चारची लांब बासरी काढली,
माझा गुलाबी कागद मांडला समोर
आणि सुरू झाला.
इतकी वर्षं डोक्यात होतं
त्यापेक्षा वेगळंच निघालं काहीतरी,
जाडसर, फुंकरीच्या खरखरीसकट.
चौथ्या ओळीला त्याचा चेहरा लाल.
पाचवीला थांबला.
"ताई, चाल चांगलीय.
पण मी श्वास कुठं घेऊ?"

सगळ्या हसल्या. मीही.
मग कागद बघितला :
वरपासून खालपर्यंत सुराला सूर चिकटलेला,
सुई शिरायला जागा नाही.
तोंडाला फडकं बांधून लिहिलेलं ते.
तिथं श्वास म्हणजे रुई,
भागेल तेवढाच घ्यायचा,
तीच सवय उतरली असेल बोटांतून.
हे त्याला सांगितलं नाही.
विचारलं, श्वासाची खूण कशी करतात?
"स्वल्पविराम द्या."

स्वल्पविराम येतो मला.
१२,४६० किलो.
९,८७५ किलो.
दिवसाला शंभर तरी देते.

जेवणाच्या सुट्टीत बसले कागद घेऊन.
पहिला दिला गंधारामागं, भीत भीत.
दुसऱ्याला रिझवानानं हात धरला,
"यहाँ नक्को आपा, टूट रा."
तुटू दे थोडं, म्हटलं.
भालेरावबाईंनी चटणी वाढली,
करडईच्या तेलात भिजलेली,
एक थेंब पडला नेमका पंचमाच्या पुढं.
दुपारी माणिकनं तिथंही श्वास घेतला,
भरपूर,
आणि डोळे मिटून पुढं गेला.
कुणी काही बोललं नाही.
तो थेंब मी नंतर
पेनानं पक्का केला.

पुढचं शिबिर हिंगोलीला आहे म्हणे.
इनामदारबाई म्हणाल्या, अर्जातला
गुरूचा रकाना काढून टाकू.
असू द्या, म्हटलं मी,
कापूस कुठं बसेल मग?